करंगळीशेजारचं बोट

टायपिंगच्या बाईंचा कान असा, की भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाचं कोणतं बोट कच्चं आहे ते त्या सांगत. तीस वर्षं क्लास चालवला, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. मुलींकडे पाठ करून वह्या तपासत असत आणि मान न वळवता म्हणत, "तिसऱ्या बाकावरची, करंगळी झोपली का तुझी?" मुली दचकत. बाईंना डोक्यामागेही डोळे आहेत अशी बोलवा होती. डोळे कसले, सगळा कानांचा खेळ.

त्याच क्लासात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, त्यांची एकुलती एक मुलगी वाढली. नवव्या वर्षी तिची बोटं न बघता चालत. ती अकराची असताना एकदा बाईंना जाणवलं की पोरीच्या कोपऱ्यातून येणारा आवाज कुठल्याच धड्यातला नाही. त्याच चार कळा, पुन्हा पुन्हा. जाऊन बघतात तर पडद्यावर बंदुका घेऊन माणसं पळत होती, आणि त्यांतलं एक माणूस म्हणजे आपली मुलगी होती.

बाईंनी वायर काढून कपाटात ठेवली. पोरीने शेजारच्या कॉम्प्युटरची लावली. मायलेकींचं हे युद्ध पाच वर्षं चाललं. सोळाव्या वर्षी ती एका मोठ्या स्पर्धेत पहिली आली आणि अठराव्या वर्षी एका संघाने तिला पगारावर घेतलं. संघात पाच मुली. तिथे तिचं नाव टाचणी, कारण चणीने लहान आणि सगळ्यांच्या आधी आत घुसणारी. टाचणीचे चाहते हजारोंनी होते म्हणे. बाईंना त्यांतला एकही कधी भेटला नव्हता.

तिचे वडील औषधांच्या दुकानात कामाला होते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, तर "बोटांनी पळते" म्हणत आणि स्वतःच हसत. मामाचं म्हणणं, खेळून कुणाचं भलं झालंय? बाई कुणाचीच बाजू घेत नसत. त्यांच्या लेखी तो खेळच होता. पगारी खेळ, पण खेळ.

खेळ म्हणावा, तर तिचा दिवस शाळेसारखा आखलेला. दहाला कानांवर हेडफोन चढायचे. संघातल्या बाकीच्या आपापल्या गावांत, आपापल्या खोल्यांत बसलेल्या, त्यांच्याबरोबर दोनपर्यंत सराव. मग जेवण. मग आदल्या दिवशीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग, आपण कुठे चुकलो ते थांबवून थांबवून बघायचं. मग सहापर्यंत पुन्हा सराव. बंद दाराआडून तुटक शब्द येत, "उजवीकडे एक. थांब. गेला." ती आता बावीसची होती. आमच्या धंद्यात पंचविशी म्हणजे म्हातारपण, असं एकदा ताटावर बसल्या बसल्या सहज म्हणाली, तेव्हा बाईंचा घास हातातच राहिला होता.

त्या रविवारी सकाळी संघाचा कोच घरी यायचा होता. नव्या कराराचे कागद घेऊन तो एकेका मुलीच्या घरी स्वतः जात होता. टाचणीला पुढची दोन वर्षं मिळणार होती आणि वर कर्णधारपद. तिने आईला उठल्यापासून तीनदा बजावलं. "आज खेळ म्हणू नकोस, काम म्हण. आणि तोंडाला कुलूप घालून बसू नकोस गं. त्यांना वाटतं, माझ्या घरी कुणाला कशाचं काही पडलेलंच नाही."

हे बाईंना लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

कोच तिशीचा, अदबशीर. चपला जोडून ठेवल्या, खुर्चीच्या कडेवर बसला, काकू काकू करत बोलला. मुलगी चहा टाकायला आत गेली. तुमच्या मुलीचे हात म्हणजे देवाची देणगी आहे, असं तो म्हणाला. बाईंना देणगी हा शब्द खटकला. देणगी कसली, ते हात मी पट्टी घेऊन घडवलेत, असं त्यांनी सांगून टाकलं. कोचला गंमत वाटली. तुम्हाला तिचा खेळ कळतो का, त्याने विचारलं.

"खेळ नाही कळत, काम कळतं," बाई म्हणाल्या. पढवलेलं वाक्य इतकं चपखल बसलं की त्या स्वतःवरच खूश झाल्या आणि त्या भरात पुढे बोलत गेल्या. "मी इथे भाजी निवडत असते ना, तेव्हा आतला आवाज कानावर पडतो. बोटं छान आहेत तिची. फक्त डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट हल्ली उशिरा पडतं. दोन महिने झाले असतील. तेवढं तुम्ही सांगा तिला. माझं ऐकत नाही."

कोचचं हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळ्यांतलं मात्र गेलं.

"करंगळीशेजारचं? नक्की, काकू?"

"तीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

त्याने डावा हात गुडघ्यावर ठेवला, खाली कळा असाव्यात तशी बोटं पसरली आणि ते एक बोट दोनदा उचलून टेकवलं. डावीकडे सरकायचं ते हे बोट, तो पुटपुटला. मग त्याने सांगितलं, की दोन महिने संघ डाव्या बाजूलाच मार खातोय. टाचणी आडोशासाठी डावीकडे सरकते आणि पोचायच्या आत तिला गोळी लागते. त्याने रेकॉर्डिंग शंभरदा बघितलं होतं. टाचणीचं म्हणणं पडलं, की मागून साथ देणारी मुलगी उशीर करते. त्याला ते पटलं होतं.

"गेल्या आठवड्यात मी त्या मुलीला संघातून काढलं, काकू."

बाईंच्या मागे कप किणकिणले. मान वळवली तर दारात मुलगी ट्रे घेऊन उभी. तिने किती ऐकलं ते विचारायलाच नको होतं. ट्रे डाव्या बाजूने कलत चालला होता. कोचने उठून तो तिच्या हातातून घेतला.

त्याने आवाज चढवला नाही. डावा पंजा टेबलावर टेकव आणि ते एकच बोट उचल, एवढंच म्हणाला. बोट उचललं गेलं, थरथरलं, अर्ध्यातच खाली आलं. बधीर होतं का? तिने होकारार्थी मान हलवली.

"आधी फक्त सकाळीच व्हायचं," ती म्हणाली.

कोचने कागद पिशवीत परत ठेवले. आधी डॉक्टरला दाखव, बाकीचं नंतर बघू, असं म्हणून तो चपला घालायला वाकला. "त्या मुलीला मी आज फोन करणार आहे," तो वाकलेलाच राहून म्हणाला. "पाचपर्यंत थांबतो. त्याआधी तुझा गेला तर बरं."

तो गेला. चहावर साय धरली. बाई मुलीच्या ओरडण्याची वाट बघत राहिल्या, पण ती ओरडली नाही.

"तुला दोन महिने माहीत होतं, आई?"

"आवाज येत होता."

"मग मला का नाही म्हणालीस?"

माझं ऐकत नाही, असं त्या कोचला ठणकावून म्हणाल्या होत्या. सांगितलं कधी होतं? "मला वाटलं, तू आळस करतेयस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून थिजल्या. उशिरा पडणारं बोट म्हणजे आळशी बोट, हे त्यांनी शेकडो मुलींना सांगितलं होतं. पोटच्या पोरीचं बोट दुखत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खेळताना काय दुखायचंय!

"आणि तू गं? सरळ त्या पोरीवर ढकललंस?"

"मला वाटलं, पंधरा दिवसांत बरं होईल. मग मीच म्हणणार होते, तिला परत घ्या म्हणून."

बाईंनी गार झालेले कप एकीकडे सारले. मुलगी उठली, खोलीतून कीबोर्ड काढून आणला आणि टेबलावर ठेवला. "ऐक आणि सांग. अजून कुठलं जातंय? मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

ती डाव्या हाताचं एकेक बोट चालवत गेली. अंगठा ठीक, तर्जनी ठीक, मधलंही ठीक. करंगळीपाशी बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"करंगळीही," त्या म्हणाल्या.

"ती तर दुखतही नाही माझी."

"नसेल दुखत. पण उशिरा पडतेय."

मुलगी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी. मग उजव्या हाताने फोन घेऊन तिने त्या काढून टाकलेल्या मुलीचा नंबर लावला. बाई उठून आत जायला निघाल्या, तर तिने पदर धरून त्यांना बसवलं. पलीकडून हॅलो आलं, थोडं रागातच.

"डावीकडे तू नाही चुकलीस," टाचणी म्हणाली. "माझं बोट चुकत होतं. मला माहीत होतं."