दुबार नावांचा वैरी

महारुद्रला दुबार नाव खपत नसे. बोरीत असताना त्यानं दोन वर्षं रेशनकार्डांच्या याद्या संगणकावर चढवल्या. त्यात सख्ख्या भुजंगकाकाचं नाव बोरीत आणि येलदरीत, दोन्हीकडं सापडलं. त्यानं येलदरीचं उडवलं. तेव्हापासून काकानं त्याला चहा विचारला नाही. महारुद्र म्हणे, "चहा जाऊ द्या, यादी साफ पायजे."

आता तो परभणीत एका खासगी दवाखान्यात सर्व्हर सांभाळतो. कंत्राट अकरा महिन्यांचं. खोली इतकी गार, की मे महिन्यातही तो स्वेटर घालतो. बाहेर आला की रांगेतले पेशंट त्यालाच विचारतात, "ताप कधीपासून हाय?"

शनिवारी कसोटी होती. केसपेपरच्या नोंदणीचा सर्व्हर जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायचा, तोही चालू असताना. खालची रांग थांबली नाही तर कंत्राट पुढं. थांबली तर बोरी. आणि बोरीत काका होता.

जुन्या मशीनच्या पोटात चार सर्व्हर राहत, नोंदणीचा त्यांतलाच एक. सॉफ्टवेअरनं बनवलेले, पण काम खऱ्यासारखंच. चौघांची माहिती शेजारच्या कपाटात, स्टोरेजमध्ये. तिकडं जायला पोर्ट एकच, तार एकच. पूर्वी स्टोरेजला फक्त मशीनचं नाव दिसे, आतलं कोण आलंय ते कळत नसे. म्हणून त्याच एका पोर्टवर आता चौघांना वेगळी नावं दिली होती. मधल्या स्विचमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या डब्यात, त्यांची यादी. यादीत नाव असेल त्यालाच वाट, आणि ज्याचं नाव त्यालाच त्याचा कप्पा.

महारुद्रनं यादी उघडली. प्रत्येक सर्व्हरची नावं दोन. एक चालू, एक नुसतं पडून. त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं पडून असलेली चारही नावं उडवली आणि समाधानानं डबा खाल्ला.

शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम घेतली. सर्व्हर हलेना. नवं मशीन त्याला दारातूनच परत पाठवी आणि तो बिचारा जुन्या जागी काम करत राही. पाच वेळा तेच. तेवढ्यात बायकोचा, दैवशालाचा फोन आला.

"अवो, रेशनच्या दुकानात उभी हाय मी. अंगठा घेईना."

"नाव लागलं नसंल अजून."

"लागंल कसं? चुडाव्याच्या कार्डावरून माझं नाव कमी करून दाखला तुमच्या हातात दिला, आठ म्हैने झाले. कुठाय तो?"

तो बॅगेत होता. महारुद्रनं बॅग पायानं टेबलाखाली ढकलली.

"म्हंजे मी ना बापाच्या कार्डावर, ना तुमच्या. आधी इकडं लावायचं, मंग तिकडलं काढायचं. चार दिस दोन्हीकडं राह्यलं असतं तर कुणाचं काय जळत हुतं?"

"नियम असाय की—"

"घाला चुलीत तुमचा नियम. तवर मी हवेत लटकू का?"

महारुद्र उभाच राहिला. "दैवशाला, लय मोठं बोललीस."

"बोलले तर बोलले. येताना तांदूळ आना."

सर्व्हरचं दुसरं नाव दुबार नव्हतंच. ते घर बदलण्याच्या दिवसासाठी होतं. जुन्या मशीनवर सर्व्हर पहिल्या नावानं स्टोरेजला धरून राहतो. तोवर नव्या मशीनवरून दुसऱ्या नावानं हजेरी लागते. ती लागली, की मग पहिला हात सुटतो. महारुद्रनं चारही नावं परत यादीत घातली. हात जड झाला, पण घातली. मग बॅगेतला दाखला काढून टेबलावर ठेवला, डोळ्यांसमोर.

शनिवारी व्यवस्थापक दिनकरराव खुर्ची ओढून बसले. महारुद्रनं बटण दाबलं.

"हं, करा सुरू."

"झालं, साहेब."

"काय झालं?"

"काहीच न्हाई झालं. तेच तर व्हायला पायजे होतं."

"अन् काहीच न झाल्याबद्दल मी कंत्राट वाढवू?"

महारुद्रनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली; नोंदणीचा सर्व्हर नव्या मशीनवर दिसत होता. दिनकररावांनी खाली नोंदणीच्या खिडकीला फोन लावला. "सुलाबाई, आत्ता काही थांबलं का?"

"न्हाई साहेब, रांग चालू हाय," सुलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "का? आज बंद पाडायचं ठरलंय का? मला आधी सांगत जावा, मी च्या पिऊन घेते."

दिनकररावांनी फोन ठेवला आणि कंत्राटाचा कागद पुढं ओढला. सही करता करता म्हणाले, "पुढच्या वेळी निदान आवाज तरी होऊ द्या."