मटिल्डाबायने पाहिलेला फ्रान्स

मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजांपर्यंत आम्ही आलो होतो, चर्च अजून लांब होतं. उपवासकाळात शुक्रवारच्या मिस्साला आम्ही दोघी आमच्या अल् घुब्रा वस्तीतून चालत जातो. मी सहज विचारलं, "बाय, फ्रान्समधली चर्चं कशी होती गं?"

मटिल्डाबाय म्हणाली, "बाहेरून चांगली होती."

मग मी खोदून विचारलं, आणि ऐकता ऐकता माझंच डोकं तापलं.

मटिल्डाबाय आमच्या वसईची, वयाने मला मोठी. लग्न करून मस्कतला आली त्याला तीस वर्षं होऊन गेली. नवरा व्हॅलेरियन इथेच एका गॅरेजात फोरमन. तिने घरी डबे करून या गॅरेजांतल्या पोरांना जेवू घातलं आणि एकुलत्या अ‍ॅश्लीला शिकवलं. तो आता लंडनला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, ममा, फ्रान्सच्या कालव्यातून बोटीने फिरायचं, रोज नवं गाव. व्हॅलेरियनला अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, रजा दिली नाही. ही एकटी गेली, चालायला म्हणून नवे बूट घेऊन.

बोटीवर अ‍ॅश्ली, सून आणि त्यांचं तान्हं बाळ. पहिल्याच गावात बोट काठाला बांधली आणि सून म्हणाली, "ममा, बेबी झोपलीय, आम्ही पटकन बघून येतो." पटकन म्हणजे पार संध्याकाळ. पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढच्या गावातही तेच. किल्ले, बाजार सगळं त्यांनी पाहिलं आणि हिला फोनवर दाखवलं.

"मग तू काय पाहिलंस?"

"लॉक. अ‍ॅश्ली ओरडला, ममा, लॉक आलं. मी आधी दाराची कडी बघितली, वाटलं चोर आले." ती जराशी हसली. "पाण्याची खोली असते गं ती. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडून द्यायचं. बोट खाली खाली जाते. मी बाळाला घेऊन खिडकीत, आणि समोर शेवाळलेली भिंत. रोज पाच-सहा वेळा."

रविवारी बोट चर्चजवळच लागली होती. घंटा वाजली. बाय डोक्यावर स्कार्फ घेऊन निघाली, तर अ‍ॅश्ली म्हणतो, "ममा, फ्रेंच मिस्सा तुला काय कळणार? आणि आमचं लंचचं बुकिंग आहे."

ओमानमध्ये बाळंतपण सोडलं तर या बाईची मिस्सा चुकलेली नाही. ती चुकवली पोटच्या पोराने, घंटा ऐकू येत असताना. बाप्तिस्म्याला त्याला मी हातात धरलं होतं. देव मला क्षमा करो, पण तो समोर असता तर मी त्याचा कान पिळला असता. आणि वरून तिचा बोटीतला फोटो सगळ्यांना पाठवून खाली लिहितो, 'ममाची ड्रीम हॉलिडे'. आम्ही सगळ्यांनी तिला अभिनंदन पाठवलं, आणि तिने प्रत्येकीला थँक्यू लिहिलं.

"तिथल्या तिथे बोलायचं होतंस, बाय."

"बोटीत भांडून जायचं कुठे?"

मग म्हणाली, "ईस्टरला येतोय तो. पुन्हा बोट ठरवायची म्हणतो. आता दुसरं बाळ येणार आहे."

"नाही म्हणून सांग."

"नाही म्हणायला जाते आणि तोंडातून 'बरं बाबा' निघतं. जॅस्मिन, तू त्याची गॉडमदर. ईस्टरला आमच्याकडे जेवायला ये. आणि सगळ्यांसमोर त्याला एवढंच विचार, तुझ्या ममाने फ्रान्समध्ये कुठली गावं पाहिली, नावं सांग. तो गप्प झाला की पुढचं मी बोलेन. पण आधी तू विचार."