जोडीसरांनी न दिलेलं पत्र

बोटं रंगात आली की जोडीसर टाइपरायटरवर रुमाल टाकायचे आणि विचारायचे, "अफेक्ट म्हणजे काय? आणि इफेक्ट?" विक्रोळीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सारखे दिसणारे इंग्रजी शब्द ते जोडीनं शिकवत, प्रत्येकाचं मराठीत वाक्य करायला लावत. "दिसायला सख्खे भाऊ असतात रे. पण एक घर सांभाळतो, दुसरा विकून टाकतो. तोंड बघू नकोस, धंदा विचार."

मी मराठी शाळेतला. अर्थ कळो न कळो, बोटं मात्र क्लासात सगळ्यांत वेगवान. सर मागे उभे राहून म्हणत, "गाडी झकास पळते. ड्रायव्हर कुठाय?" पोरी हसत. माझं डोकं फिरायचं.

तेव्हा आसपासच्या कारखान्यांत क्लासच्या शिफारसपत्रावर टायपिस्ट घेत. मलाही एका ऑफिसनं बोलावलं. सोमवारी पत्र घेऊन ये, म्हणाले. वडिलांची गिरणी बंद होती. आईनं चाळभर सांगून टाकलं. शनिवारी सरांनी दहा जोड्या विचारल्या. चार चुकल्या.

"पत्र देत नाही. महिनाभर थांब."

"सर, स्पीड बघा ना! जागा जाईल!"

"जाईल. पण माझ्या सहीवर गेलास आणि त्यांनी हाकललं, तर पुढे कोण घेईल तुला?"

मी वही त्यांच्या टेबलावर आपटली. रविवारी आई स्वतः जाऊन आली. एवढंच म्हणाली, "तो माणूस काय हलूचो नाय."

जागा गेली. मी जुन्या मशिनरीच्या धंद्यात पडलो, मालाच्या भावासाठी भांडत भांडत उभा राहिलो. कराराचा इंग्रजी कागद आला की अजून शब्दाशब्दाला अडतो, समोरचा वैतागेपर्यंत. म्हणून सरांचं बरोबर होतं, असं मी मानत नाही. दहातल्या सहा बरोबर होत्या.

काही वर्षांनी क्लास बंद होतोय असं कळलं. टाइपरायटर विकत घ्यायला मुद्दाम मीच गेलो. पडेल भाव सांगितला. ते भांडतील, मग मीही त्या शनिवारचं सगळं काढीन, असं ठरवूनच गेलो होतो.

"बरं, ने," सर म्हणाले.

"अहो, भाव तरी करा!"

"ते मला कधी जमलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आई कशा आहेत रे? त्या रविवारी फार ऊन होतं. पाणीसुद्धा न पिता गेल्या."

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बरी आहे," मी म्हणालो आणि पहिलं मशीन उचललं.