मधला फोल्डर

दीपेश घरत पनवेलला राहतो आणि कंटेनर यार्डांच्या सॉफ्टवेअरचे फोल्डर लावतो. हे काम म्हणजे नक्की काय, ते जासईजवळच्या त्याच्या गावात समजावून सांगायच्या फंदात तो आता पडत नाही.

पूर्वी ऑफिसात सगळा कोड एकाच ढिगात होता. एका ओळीला हात लावला की अख्खं सॉफ्टवेअर पहिल्यापासून बिल्ड व्हायला, म्हणजे नव्याने जुळून तयार व्हायला, बसायचं आणि लोक चहाला जायचे. दीपेशने खपून खपून यार्डाच्या गेटचा फोल्डर वेगळा केला, बिलांचा वेगळा, आणि कोणी कोणाच्या आधी बिल्ड व्हायचं ते ठरवून दिलं. एक गाठ तेवढी सुटेना. बिलांना आधी गेट हवं, गेटला आधी बिलं. मशीन अडून बसायचं. दोन्ही टीमना विचारावं तर, "आधी त्यांना बदलायला सांग." एवढी शिकलेली माणसं, पण हटून बसली की म्हशी बऱ्या! शेवटी दोघांना लागणारा कोड बाहेर काढून त्याने मधे तिसरा फोल्डर केला. आधी तो, मग हे दोघे. गाठ सुटली. तेव्हापासून कुठेही काही अडलं की फोन दीपेशलाच.

बहीण रंजिताच्या हळदीला तो गावी गेला तोच मुळी थकून. तिथे वडील भगवान आणि काका काशिराम जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरून अबोला धरून बसलेले.

रंजिता म्हणाली, "काका नाय आला तं मी हलद लावून घेनार नाय."

वडील म्हणाले, "यायचा आसंल तं येईल. मी बोलवनार नाय."

काका म्हणाला, "त्यानं बोलवल्याबिगर मी येनार नाय."

दीपेशला खरोखर रडू आलं. "काका, मी बोलवतो. माझ्यासाटी ये."

काका आला. रंजिता हसली, हळद लागली, बँड वाजला. दोघे भाऊ मात्र मांडवाच्या दोन टोकांना बसले.

"दीपेश, इचार त्याला, जेवला का," वडील म्हणाले.

दीपेश काकाकडे गेला. "सांग, जेवलो. त्यानं गोल्या घेतल्या का इचार."

दीपेश वडिलांकडे परत आला. "सांग, घेतल्या. रातीच्याला गाडी चालवू नको म्हनावं."

दीपेश पुन्हा निघाला. दोघा भावांना एकमेकांची केवढी काळजी! सकाळपासून उपाशी असलेल्या दीपेशला मात्र, तू जेवलास का, असं दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.