खालच्या दुकानातून परत आलेले फोन

आमच्या बिल्डिंगच्या खाली संतोषचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, बाहेर एक स्टूल आणि आत संतोष. कांजूरमार्ग ईस्टला अशी दुकानं ढीगभर आहेत, पण आम्ही सगळे ह्याच्याकडेच जातो. फोन कधी नीट होतो, कधी आणखी बिघडतो, पण किस्सा न घेता नुसता परत आलाय असं होत नाही. संध्याकाळी गेटजवळ आम्ही बायका उभ्या राहिलो की कोणीतरी सुरू करतंच, "अगं, माझ्या फोनचं काय झालं माहितीये?" तिचं संपायच्या आत दुसरीचं तयार! इतके किस्से साठलेत की त्याच्या दुकानात ठेवायला जागा पुरायची नाही.

माझ्यापासूनच सुरू करते.

*

माझ्या फोनवर मला सगळ्यांचं ऐकू यायचं, पण माझं कोणालाच ऐकू जात नव्हतं. आईला फोन लावला. ती "हॅलो, हॅलो" करून थकली. दुसऱ्या दिवशी परत लावला, तर म्हणाली, "फोन करून गप्प का बसतेस? रागावलीस का?" मी घसा फाडून ओरडतेय, "नाही गं आई!" तिला काही पत्ता नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बिचारी म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं. सॉरी. आता तरी बोल."

आता नवीन फोनच घ्यावा लागणार, या धाकधुकीत मी खाली गेले. संतोषने फोन उलटा केला, बारीक ब्रश फिरवला आणि हसायला लागला.

"ताई, चपात्या करताना फोनवर बोलता ना?"

"हो. का रे?"

"माईकच्या भोकात कणीक सुकलीय!"

एवढंच! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. तिथूनच आईला फोन लावला. "गेला ना राग?" तिने पहिलं हेच विचारलं. "गेला," म्हटलं.

तिचं काय चुकलं होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'चुकलं' ऐकलं, यार! संतोषला म्हटलं, "नीट करायला दोन दिवस लावले असतेस तरी चाललं असतं."

*

पहिल्या मजल्यावर पेडणेकरकाका राहतात. एवढी वर्षं मुंबईत काढली, पण बोलणं अजून मालवणचंच. त्यांचा फोन बेसिनमध्ये पडला. कोणीतरी सांगितलं, तांदळात पुरून ठेवा, पाणी ओढून घेतो. काकींनी तांदळाचा डबा दिला, काकांनी त्यात पुरला. बाहेर काढला तर चार्जिंगच होईना. फोनमध्ये नातवाचे बारशापासूनचे फोटो! काका काळजीने अर्धे झाले होते.

संतोषने टॉर्च मारून आत बघितलं, चिमटा घातला आणि चार्जिंगच्या भोकातून तांदळाचा एक दाणा बाहेर काढला.

"काका, पाण्याने काही झालं नव्हतं. तांदळाने वाट लावली!"

चार्जर लावला, फोन सुरू झाला, नातू हसताना दिसला. काकांनी डोळे पुसले. मग मागे उभ्या असलेल्या काकींकडे वळून म्हणाले, "तरी मी हिका सांगत होतंय, उकडो तांदूळ घाल म्हणान! तो जाडो असता!"

*

सगळं काही झकासच होतं असं नाही हां. गायकवाड मॅडमना विचारा. त्या शाळेत शिकवतात. त्यांच्या फोनची काच फुटली म्हणून संतोषने नवीन डिस्प्ले बसवला, पण तो निघाला खराब. हात न लावता फोन आपोआप चालायचा. इकडचं उघड, तिकडचं बंद कर!

त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर हेडमास्तरांचा मेसेज आला, 'रविवारी स्पर्धेच्या ड्युटीला कोण येणार?' सगळे शिक्षक चिडीचूप. एकट्या गायकवाड मॅडमचा अंगठा! तो फोनने आपोआप टाकला होता. आणि त्यांना पत्ता लागेपर्यंत सरांचं उत्तर आलेलं, 'शाळेला अशाच शिक्षिकांची गरज आहे.'

मॅडम खाली येऊन संतोषवर असल्या कडाडल्या की गल्लीतली कुत्री उठून गेली. "रविवारी तू जाऊन उभा राहा तिथे!" त्याने माफी मागितली, त्यांच्यासमोरच डिस्प्ले बदलला, तासभर फोन नुसता ठेवून बघितला. नीट झाला, मॅडमचा जीव भांड्यात पडला.

पण फोन नीट झाल्याचं शाळेत अजून त्यांनी सांगितलेलं नाही. नको त्या कामाला चुकून 'हो' म्हटलं गेलं की सरांना सांगतात, "सर, मी नाही, माझा फोन बोलला!"

*

सुर्वेकाकूंचा मुलगा मालवाहू बोटीवर असतो. बोट बंदराला लागली की त्याचा फोन येतो, एरवी महिनामहिना काही नाही. तो शनिवारी फोन करणार होता, आणि शनिवारी सकाळी काकूंचा फोन बंद पडला. काकू जिन्यावरून कशा उतरल्या ते त्यांनाच ठाऊक. आल्या तशा त्यांनी फोन पुढे केला.

संतोषने उघडून बघितला. "काकू, आज नाही होणार हा."

"अरे, आजच पोराचा फोन यायचाय!" काकू स्टुलावर बसल्या.

त्याने स्वतःच्या फोनमधलं सिम काढलं, काकूंचं घातलं, त्यांना लागेल ते सगळं चालू करून दिलं. "धरा. आजचा दिवस हा तुमचा फोन. माझी गिऱ्हाइकं कुठे पळत नाहीत."

पण काकू घरी जाईनात. वर जाऊन काही बिघडलं तर? त्या तिथेच बसल्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. दुपार टळली आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल! संतोषने दुकानातली सगळी गाणी बंद केली, गिऱ्हाइकंसुद्धा गप्प झाली. पडद्यावर पोराचा चेहरा आला, दाढी वाढलेली.

"जेवलास?" काकूंनी विचारलं.

तो म्हणाला, "जेवलो गं. पण आई, तुझ्या मागे हे कोण सगळे हात हलवतायत?"

काकू नाक पुसत म्हणाल्या, "कस्टमर."

*

आणि महेशचं? तिसऱ्या मजल्यावरचा महेश मरोळला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पोरगा सोन्यासारखा, पण तोंड उघडेल तर शपथ! स्थळं यायची, मुली फोन करायच्या, हा आपला "हं", "हो", "बरं". मग तिकडून परत फोनच नाही. त्याची आई माझ्याजवळ रडायची, "माझ्या पोराला कोणी ओळखतच नाही गं."

एकदा त्याच्या फोनची बॅटरी फुगली. संतोषने नवीन घातली, फोन चालू केला, तेवढ्यात तो वाजला. स्पीकर तपासायचाच होता म्हणून ह्याने स्पीकरवर घेतला. मी समोरच उभी.

"महेश ना? मी स्नेहल, मुलुंडहून. आज बोलायचं ठरलं होतं आपलं."

"ताई, मी संतोष, मोबाईल रिपेअरिंगवाला. महेशचा फोन माझ्याकडे आलाय."

दुसरी असती तर ठेवून दिला असता. ही म्हणाली, "ओळखता त्याला? मग तुम्हीच सांगा, कसा आहे?"

संतोषने जरा विचार केला. "ताई, त्याच्या फोनला लॉक नाही. विचारलं तर म्हणाला, लपवायचंय काय? बॅटरी कधीची फुगली होती, पण आधी आईचा फोन नीट करून नेला, मग स्वतःचा आणला. मला उशीर झाला तरी आवाज चढवत नाही. असा कस्टमर माझ्याकडे दुसरा नाही."

"आणि खोट?"

मी मान हलवून नको नको करतेय, तरी हा बोललाच. "बोलत नाही, ताई. अजिबात."

मी कपाळाला हात लावला.

"चालेल," ती म्हणाली. "त्याला सांगा, मला भेटायचंय."

मे महिन्यात लग्न झालं. महेशच्या आईने संतोषला हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवलं.

परवा स्नेहल तरातरा दुकानात आली. "दादा, काय सांगितलं होतं तुम्ही मला? बोलत नाही? अहो, घरात पाऊल टाकलं की ह्याचं जे सुरू होतं ते थांबतच नाही! काल मला झोप लागली तरी हा बोलतोच आहे!"

संतोषने हात जोडले.

"वहिनी, देवाशपथ सांगतो, मी फक्त बॅटरी बदलली होती!"