साडूंच्या लॅपटॉपच्या पोटातला आवाज

धुळ्यापासून जळगावपर्यंत आमच्या साडूंइतका हेवा करण्याजोगा माणूस दुसरा नसेल, आणि हे मी अगदी मनाविरुद्ध लिहितो आहे. खरं तर मोठा जावई मी. चाळीसगावच्या सासुरवाडीत पहिला मान माझा असायला हवा. पण चहाचा पहिला कप जातो साडूंच्या हातात. मी जळगावहून केळ्यांची अख्खी फणी घेऊन जातो, ती 'ठेवा तिकडे' म्हणून कोपऱ्यात जाते. साडू धुळ्याहून नुसता लॅपटॉप काखोटीला मारून येतात, तर त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जाते.

त्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि हे ते शाकाहारी असल्याच्या सुरात सांगतात. काही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं कधी चाललं होतं?" हाच प्रश्न त्यांनी माझ्या स्कूटरबद्दल विचारला आणि माझ्या गुडघ्याबद्दलही. दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदा भरीत करायला बसले, तर मीठ घालून चव, मग मिरची घालून चव, मग लसूण घालून चव. पंगत ताटकळली. मी असं केलं असतं तर बायकोने स्वयंपाकघरातून हाकललं असतं. साडूंच्या भरताचं मात्र अजून कौतुक चालतं.

गेल्या दिवाळीत सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्यासना आवाज मी इसरी चालनी." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता त्यांचा आवाज अक्कांना आठवेनासा झाला होता. नातवंडांसाठी ते जुन्या संगणकावर अहिराणी गोष्टी सांगून ठेवत, पण त्या ज्या प्रोग्रॅममध्ये होत्या तो आता कुठेच चालत नव्हता आणि संगणकही बंद होऊन कोपऱ्यात पडला होता. मी तत्परतेने सासऱ्यांचा फोटो मोठा करून आणायची तयारी दाखवली. साडूंनी जुन्या संगणकाची डिस्क काढून नेली आणि पुढच्या खेपेला तो संगणक जसाच्या तसा आपल्या लॅपटॉपच्या आत चालू करून दाखवला. संगणकाच्या पोटात संगणक! पडद्यावर सासऱ्यांच्या फायली रांगेत दिसत होत्या. अक्कांनी पदराने पडदा पुसला. साडूंनी एक गोष्ट लावली, पट्टी पुढे सरकू लागली, पण आवाज काही येईना.

खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. साडूंनी आतल्या संगणकाला एक नकली साउंड कार्ड दिलं, मग दुसरं दिलं, ते चालवणारा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून. लॅपटॉपवर लावलेली गाणी खणखणीत वाजत होती. आतला संगणक तेवढा मुका. दोन दिवस हेच चाललं, अक्का शेजारी बसून होत्या. त्यांचा चेहरा बघून माझं बरं वाटणंही हळूहळू ओसरलं.

दुसऱ्या दुपारी त्या थकून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. आतला संगणक पुन्हा सुरू करण्याआधी साडूंनी सवयीने आवाजाची खिडकी उघडली आणि त्यांचा हात थांबला. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा बंद करता येतो, आणि ते बंद केल्याचं त्याच्या लक्षात राहतं. आतला संगणक सुरू होताना मोठ्याने वाजतो, त्याने अक्कांची झोपमोड होऊ नये म्हणून साडूंनी आल्या दिवशीच त्याचा आवाज तिथे बंद केला होता, आणि स्वतः विसरले होते.

"भाऊ, मीच बंद केला होता की हो," ते मला म्हणाले आणि पोट धरून हसले, तेही आवाज न करता. मी असतो तर दोष ड्रायव्हरवर ढकलला असता. आणि आमच्या चुका बघा, आळसातून होतात. या माणसाच्या चुकासुद्धा चांगुलपणातून व्हाव्यात, याला काय म्हणायचं?

मी म्हटलं, लावा आता. ते म्हणाले, "अक्का उठू द्या. पहिल्यांदा त्यांनी ऐकायचं." आम्ही दोघं त्या गप्प लॅपटॉपसमोर बसून राहिलो. अक्का उठल्या, तोंड धुऊन आल्या. साडूंनी बटण दाबलं. आधी खाकरणं ऐकू आलं, मग सासऱ्यांचा आवाज, "चालू व्हयनं का हाई? माले काही समजत नही. तू पहिले च्या ठेव."

गोष्ट पुढे सुरू झाली, पण अक्का तोवर उठून चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांना कुणी अडवलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि इथे सासरे कोल्ह्याची गोष्ट सांगत होते.

चहा आला. पहिला कप साडूंच्या हातात गेला, आणि तो तिथेच जावा असं मला वाटलं. उद्या माझा आवाज कुठे हरवला, तर शोधायला बायको याच माणसाला फोन करील. तो धुळ्याहून लॅपटॉप घेऊन लगेच येईलही. हे लक्षात आलं आणि चहा पिता पिता मला त्यांचा आणखी थोडा हेवा वाटला.