मंगल कार्यालयातला सराव

आमच्या शाळेचं बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं होतं आणि त्याला कुठे भेग आहे ते आम्हा मुलींना पाठ होतं. भेगेवर पडलेला बॉल नीट उसळायचा नाही. समोरच्या टीमची मुलगी बॉल घेऊन तिकडे वळली की आम्ही तिला घेरायचो. नाक्याकडून वारा असला की शॉट किती बाजूला मारायचा, हेही हाताला कळायचं.

नववीत आम्ही ठाण्याला पहिल्यांदा हॉलमध्ये खेळलो. मला वाटलं, ना ऊन ना वारा, आता शॉट पडतच राहणार. पण लाकडावरून बॉल इतका चटकन वर यायचा की सुरुवातीलाच माझ्या हातून निसटला. आमच्या झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांना खरबरीत सिमेंट धरून ठेवायचं. इथे थांबायला जावं तर पाय सरकायचा आणि पंचांची शिटी वाजायची. पुन्हा ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून पाय हलवल्याची चूक. घाम वाळायला वारा नाही, त्यामुळे हातही ओले. आम्ही सडकून हरलो.

परतीच्या एसटीत आमची कॅप्टन म्हणाली, "त्यांना हॉल आहे, आपल्याला नाही. विषय संपला."

खेळ शिकवणाऱ्या बाई पुढच्या सीटवरून वळल्या. "हॉल नाही ते मला ठाऊक आहे. गुळगुळीत जमीन कुठे मिळेल ते सांगा."

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतलं मंगल कार्यालय आलं.

दुसऱ्याच दिवशी बाई मला घेऊन तिथे गेल्या. राखणदार काका ऐकायलाच तयार नव्हते. "न्हाय बाई. लादी फुटली तर मालक मला घरी बसवंल."

"बॉल रबराचा आहे, काका. आणि रोज झाडून, पुसून देऊ."

काकांनी आम्हाला खालपासून वर न्याहाळलं. "लग्न असंल त्या दिवशी यायचं न्हाय. आन् खिडक्या बंद ठेवायच्या."

मग शाळेआधी आमचा सराव सुरू झाला. आधी लादीवरच्या अक्षता झाडायच्या, मग फडकं मारायचं. तिथे बास्केट नव्हतीच. धावत यायचं, बॉल पकडायचा, गुडघे वाकवून जागच्या जागी थांबायचं, एवढंच. बंद खिडक्यांआड कपडे अंगाला चिकटायचे. शॉट मात्र संध्याकाळी मैदानावरच.

एकदा मी गुडघ्यावर आपटले. आई म्हणाली, "बाहेर खेळतेस ते पुरे नाही का? ती लादी एक दिवस पाय मोडून ठेवेल."

"न पडता थांबता येईपर्यंत जाणार," मी म्हटलं. सूज उतरल्यावर क्रेप बँडेज बांधून गेलेच.

पुढच्या वर्षी तोच हॉल, समोर तीच टीम. बाईंनी बाकापाशी ओलं फडकं ठेवलं होतं. संधी मिळेल तेव्हा आम्ही बुटांचे तळ पुसून घ्यायचो, म्हणजे धूळ निघून पाय घसरायचा नाही. पहिला पास आला, मी पकडला, थांबले. पाय हलला नाही. शिटीही वाजली नाही. मग अंगातली भीती गेली आणि आम्ही आमच्या मैदानावर खेळायचो तसं खेळायला लागलो. शेवटपर्यंत चुरस झाली. आम्ही एका बास्केटने जिंकलो.

कॅप्टन रडायला लागली. आम्ही सगळ्या बाईंच्या गळ्यात पडायला धावलो, तर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"प्या आणि पाय सैल करा. दुपारी पुढची मॅच आहे."